आलेखाची कालमर्यादा कोण नीट पाळतो? गोव्याच्या पावसावर मॅटप्लॉटलिबची पारख

हवामान खात्याच्या हिशोबात पावसाळी हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर. वाळपई, सांगे, पणजी, मुरगाव इथल्या नोंदी हाताशी असल्या, तर पायथनमध्ये त्यांची रेघ दोन ओळींत उमटते. आलेख कुठल्या क्षणापासून कुठल्या क्षणापर्यंत दाखवायचा, म्हणजे त्याची कालमर्यादा, हे कोडला सांगताना मात्र गडबडी होतात. आकडे सगळे बरोबर, पण टोके साडेपाच तासांनी सरकलेली, पहिला स्तंभ अर्धा कापलेला, शेवटचा दिवस गायब, असे आलेख प्रकल्प अहवालांत आणि प्रबंधांतही छापून येतात.

ही पारख मुख्यतः पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबची आणि त्याच्या जोडीने नोंदींचे तक्ते हाताळायला वापरल्या जाणाऱ्या पांडाजची. तुलनेला ब्राउझरमध्ये आलेख दाखवणारे प्लॉटली, आर भाषेतले जीजीप्लॉट२ आणि नूप्लॉट (gnuplot) हा स्वतंत्र प्रोग्राम घेतले आहेत. पाचही फुकट मिळतात, त्यामुळे निवड पैशावर अडत नाही. मत आधीच सांगतो: छापील कामासाठी मॅटप्लॉटलिब घ्यावे आणि थेट वापरावे, पांडाजच्या प्लॉट फंक्शनमधून नव्हे. मॅटप्लॉटलिब दिलेली टोके अक्षरशः पाळते आणि त्या नादात एकही नोंद गाळत नाही. मात्र ते स्वतःहून काही सुधारतही नाही. जे सांगितले तेवढेच करते, म्हणून सांगणाऱ्याने नेमके सांगावे लागते.

कालमर्यादा दिलीच नाही तर मॅटप्लॉटलिब पहिली आणि शेवटची नोंद धरते आणि दोन्ही बाजूंना पाच टक्के मोकळी जागा सोडते. हंगामाचे १२२ दिवस. त्याचे पाच टक्के म्हणजे सहा दिवस. आलेख मग २६ मेच्या आसपास सुरू होतो आणि ते सहा दिवस कोरे दिसतात. गोव्यात मे अखेरीस मॉन्सूनपूर्व सरी पडतात. तो भाग कोरा दिसला की वाचणारा ‘पाऊस नव्हता’ असे समजतो, खरे तर ‘नोंद घेतलेली नाही’ असे असते. दुसरी बाब याहून गंभीर आहे. एखाद्या केंद्रावरचे यंत्र २० जुलैला बंद पडले, तर आपोआप ठरलेला अक्ष २० जुलैलाच संपतो आणि आलेख पूर्ण असल्यासारखा दिसतो. शेजारी दुसऱ्या केंद्राचा आलेख सप्टेंबरअखेरपर्यंत जातो आणि दोन्ही सारख्याच रुंदीचे दिसतात. टोके हाताने बांधली की उरलेले सत्तर दिवस रिकामे दिसतात आणि तुटलेली नोंद लपत नाही. अनेक केंद्रे एकाखाली एक मांडायची असतील तर सबप्लॉट्स करताना शेअरएक्स चालू ठेवावे. एका अक्षाला मर्यादा दिली की सगळ्यांना लागते.

मर्यादा देणारे फंक्शन सेट_एक्सलिम. त्याला डावे आणि उजवे टोक द्यायचे. पायथनचे डेटटाइम, नमपायचे डेटटाइम६४, पांडाजचा टाइमस्टॅम्प, काहीही चालते. ३० सप्टेंबरचा पूर्ण दिवस हवा असेल तर उजवे टोक १ ऑक्टोबर, मध्यरात्र असे द्यावे. ३० सप्टेंबर एवढेच लिहिले तर त्या दिवसाची मध्यरात्र धरली जाते आणि पुढचे चोवीस तास चौकटीबाहेर जातात. डावे टोक उजव्यापेक्षा मोठे दिले तर एरर येत नाही, अक्ष उलटा होतो. दोन्ही टोके सारखी पडली तर वॉर्निंग देऊन ते स्वतःच थोडे रुंद करते. निवडलेला काळ रिकामा निघाला आणि त्याचाच किमान-कमाल काढून टोके दिली, तर मात्र ‘अक्षाची मर्यादा नॅन (आकडाच नसलेली किंमत) किंवा अनंत असू शकत नाही’ अशा अर्थाचा एरर येतो. तो आला की मर्यादेची ओळ तपासत बसू नये, आधी डेटा उरला आहे का ते पाहावे.

आकडाही चालतो, पण तो टाळावा. मॅटप्लॉटलिब आतून १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस मोजते. १ जून २०२४ म्हणजे १९,८७५. ही मोजणी २०२० च्या ३.३ आवृत्तीपासूनची. त्याआधी मोजणी इसवी सनाच्या पहिल्या वर्षापासून होती आणि तोच दिवस ७,३९,०३८ होता. जुन्या कोडमध्ये असा आकडा थेट लिहिलेला असेल तर नव्या आवृत्तीत आलेख इसवी सन ३९९३ दाखवतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मर्यादेच्या ओळीत नसतेच, फाइल वाचण्याच्या ओळीत असते. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली फाइल, वाचताना तारखांचे रूपांतर झाले नाही तर त्या मजकूरच राहतात. मजकूर दिसला की मॅटप्लॉटलिब त्याला वर्ग समजते: पहिली तारीख शून्यावर, दुसरी एकवर, तिसरी दोनवर. आडव्या अक्षाखाली लेबलांचा काळा पट्टा दिसला की हेच झाले आहे असे समजावे. मग सेट_एक्सलिमला खऱ्या तारखा द्याव्यात तर रूपांतर जमत नाही असा एरर येतो; १९,८७५ सारखा आकडा द्यावा तर चौकट तिथे जाऊन बसते, रेघ शून्य ते एकशे एकवीसमध्ये राहते, आणि आलेख कोरा येतो.

रूपांतर पांडाजच्या टू_डेटटाइमने करावे आणि तारखेचा साचा फॉरमॅटमध्ये स्पष्ट लिहावा. आपल्याकडच्या नोंदवहीत ०७/०८/२०२४ म्हणजे ७ ऑगस्ट. साचा न दिल्यास पांडाज ते ८ जुलै वाचते. पांडाज २.० च्या आधी हे प्रत्येक ओळीसाठी वेगळे ठरत असे, म्हणजे ०७/०८ चा जुलै आणि १३/०८ चा ऑगस्ट एकाच फाइलमध्ये, गुपचूप. २०२३ मधल्या २.० पासून पहिल्या ओळीवरून ठरलेला साचा सगळ्यांना लागतो आणि तेरा तारखेला एरर येतो. ही सुधारणा चांगलीच आहे, पण फाइलमध्ये महिन्याच्या पहिल्या बारा तारखाच असतील तर ती काही पकडू शकत नाही. साचा लिहिणे हाच इलाज.

आता उभा अक्ष. सेट_एक्सलिम फक्त आडवी खिडकी बदलते. उभा अक्ष पूर्ण डेटाच्या कमालवरच राहतो. जुलैत एका दिवशी दोनशे मिलिमीटर पडला आणि आलेख सप्टेंबरच्या दोन आठवड्यांचा काढला, तर सप्टेंबरच्या दहा-वीस मिलिमीटरच्या सरी तळाशी चिकटून दिसतात. यावर दोन उपाय. एक, आधी पांडाजने तेवढाच काळ कापून घ्यायचा आणि तोच काढायचा. दोन, पूर्ण डेटा काढायचा, कापलेल्या तुकड्याचा कमाल शोधायचा आणि सेट_वायलिममध्ये खालचे टोक शून्य, वरचे टोक कमालच्या पाच-दहा टक्के वर असे द्यायचे.

दोन्हींत दिसणारा फरक आहे. पूर्ण डेटा काढून खिडकी लावली तर रेघ चौकटीच्या कडेपर्यंत येते, कारण बाहेरच्या नोंदीशी तिचा सांधा शाबूत असतो. कापून काढली तर रेघ पहिल्या नोंदीपाशी अधांतरी सुरू होते. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीसारख्या सलग राशीसाठी पूर्ण डेटा काढण्याची रीत योग्य; पावसाच्या स्तंभांना कापून काढण्याची चालते. सात दिवसांची सरकती सरासरी काढायची असेल तर ती कापण्याआधी काढावी. आधी कापले तर पहिले सहा दिवस रिकामे येतात, आणि नेमका मॉन्सून दाखल होण्याचा आठवडा आलेखातून जातो.

टाइमझोनचा भाग सावकाश वाचावा, कारण इथे एररही येत नाही आणि वॉर्निंगही. टाइमझोन न लावलेली वेळ मॅटप्लॉटलिब जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी समजते. डेटाला आशिया/कोलकाता हा झोन लावलेला असेल आणि मर्यादेची टोके झोनविना दिली असतील, तर ८ जुलै मध्यरात्र म्हणून दिलेले टोक आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला पडते. आलेख नीटनेटका दिसतो, पण सुरुवातीचे साडेपाच तास नसतात. पांडाज याबाबत अधिक जागरूक आहे: झोन असलेल्या अनुक्रमणिकेला (इंडेक्स, म्हणजे इथे ओळींच्या तारखा) झोन नसलेल्या टाइमस्टॅम्पने कापायला गेले तर २.० पासून एरर देते, आणि साधा मजकूर दिला तर तो अनुक्रमणिकेच्याच झोनमधला धरते. मॅटप्लॉटलिबने इतकी काळजी घेतली असती तर पुष्कळांचे दिवस वाचले असते.

सोपा नियम असा. सगळ्या नोंदी भारतीय वेळेतल्याच असतील तर झोन कुठेही लावू नये, डेटालाही नाही आणि टोकांनाही नाही. मग काही सरकत नाही. दोन प्रकारची वेळ एकत्र येत असेल तरच झोन लावावा, आणि मग सगळीकडे लावावा. अशी वेळ गोव्यात वारंवार येते: दाबोळी विमानतळाचे हवामान संदेश यूटीसीत असतात, उपग्रहाच्या पावसाचा आयमर्ग डेटा यूटीसीत, ईआरए५ हा युरोपीय हवामान-पुनर्विश्लेषणाचा डेटा यूटीसीत, आणि जमिनीवरचा पर्जन्यमापक भारतीय वेळेत. यूटीसीच्या नोंदीला आधी टीझेड_लोकलाइझ यूटीसी, मग टीझेड_कन्व्हर्ट आशिया/कोलकाता. भारतीय वेळेच्या नोंदीला थेट टीझेड_लोकलाइझ आशिया/कोलकाता. लोकलाइझ घड्याळाला नाव देते, कन्व्हर्ट घड्याळ फिरवते. यांची अदलाबदल झाली की पुन्हा साडेपाच तास. लेबले लिहिणाऱ्या डेटफॉरमॅटरलाही तोच झोन स्पष्ट द्यावा.

‘शेवटचे २४ तास’ असा सरकता आलेख सर्व्हरवर चालवायचा असेल तर आत्ताची वेळ झोनसकट मागावी. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात, आणि झोनविना मागितलेले ‘आत्ता’ तिथे साडेपाच तास मागे असते. साळावली धरणाची ताजी पातळी मग चौकटीबाहेर राहते. विंडोजवर पायथनच्या झोनइन्फोला ‘आशिया/कोलकाता सापडत नाही’ असा एरर आला तर टीझेडडेटा हे पॅकेज पिपने बसवावे, काम होते.

जुन्या नोंदींविषयी एक सूचना. आशिया/कोलकाता या झोनमध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास भरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, तिथे घड्याळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. त्या काळातल्या तासागणिक नोंदींना हा झोन डोळे मिटून लावू नये. दैनिक नोंदी असतील तर झोनविना ठेवाव्यात.

पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, हे लक्षात ठेवले नाही तर वरची सगळी मेहनत वाया जाते. हवामान खात्याची दैनिक नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची असते, म्हणजे यूटीसी तीनला. ८ जुलैचा आकडा म्हणजे ७ जुलै सकाळी साडेआठ ते ८ जुलै सकाळी साडेआठ. तासागणिक नोंदींवरून असा दिवस बनवायचा तर पांडाजच्या रीसॅम्पलला चोवीस तास, ऑफसेट आठ तास तीस मिनिटे, क्लोज्ड आणि लेबल दोन्ही ‘राइट’ असे द्यावे. तासाची खूण पांडाज २.२ पासून कॅपिटल एचऐवजी लहान एचने लिहावी लागते. कॅपिटल लिहिल्यास त्या आवृत्तीत वॉर्निंग येते.

स्तंभ काढताना मॅटप्लॉटलिबचा एक कमी माहीत असलेला गुण इथे कामी येतो. स्तंभ मुळात नोंदीच्या वेळेवर मध्यभागी बसतो, म्हणून टोक नेमके पहिल्या नोंदीवर बांधले की पहिला स्तंभ अर्धा कापला जातो. अलाइनला ‘एज’ द्यावे आणि विड्थ उणे एक. स्तंभ मग नोंदीच्या वेळेपाशी संपतो आणि आदल्या साडेआठपर्यंत मागे पसरतो, म्हणजे मोजमापाचा जो काळ तोच स्तंभाचा काळ. रुंदी दिवसांत मोजली जाते हेही ध्यानात असू द्यावे. न दिल्यास ती ०.८ दिवस असते. तासागणिक पावसाला ती लावली तर स्तंभ एकमेकांवर चढून निळा ढीग होतो, आणि मासिक बेरजेला लावली तर काडीसारखी रेघ दिसते. तासाला एक भागिले चोवीस, महिन्याला साधारण पंचवीस.

आता पांडाज. कापण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. ओळी निवडण्याच्या लॉक (loc) या सोयीत ‘२०२४-०७’ लिहिले की पूर्ण जुलै मिळतो; दोन तारखांमध्ये कोलन (:) देऊन कापले तर दोन्ही टोके धरली जातात आणि शेवटची तारीख पूर्ण दिवसासकट येते. पण हेच काम ‘अनुक्रमणिका १० जुलैपेक्षा लहान किंवा समान’ अशा अटीने केले तर १० जुलैची फक्त मध्यरात्र मिळते. एकाच नोटबुकमध्ये दोन्ही रीती मिसळल्या की बेरजा जुळत नाहीत. कापण्याआधी सॉर्ट_इंडेक्स करावे. नोंदी क्रमाने नसतील आणि दिलेली तारीख अनुक्रमणिकेत नसेल तर की-एरर येतो.

पांडाजचे स्वतःचे प्लॉट फंक्शन मात्र कालमर्यादेसाठी टाळावे. नोंदी समान अंतराच्या असल्या की ते आतून तारखांचे ‘पीरियड’मध्ये रूपांतर करते आणि अक्षाचे एकक बदलते. मासिक नोंदीत जून २०२४ हा १९७० पासून, शून्यापासून मोजून, ६५३ वा महिना ठरतो. त्यावर मॅटप्लॉटलिबचा डेटफॉरमॅटर लावला तर तो ६५३ दिवस समजतो आणि ऑक्टोबर १९७१ लिहितो. दैनिक नोंदीत दोन्ही मोजण्या योगायोगाने जुळतात, त्यामुळे दैनिक आलेखावर तपासलेले कोड मासिक आलेखावर मोडते आणि कारण सापडत नाही. तेच वापरायचे असेल तर एक्स_कॉम्पॅट चालू करावे. शिवाय ते दर वेळी स्वतःची टोके बसवते, म्हणून सेट_एक्सलिम त्याच्या नंतरच्या ओळीत लिहावे. त्याच्या स्तंभालेखात तर तारखा उरतच नाहीत, जागा शून्यापासून मोजल्या जातात. तिथे तारखेची मर्यादा दिली की कोरी चौकट येते.

अक्षावरच्या खुणांबाबत थोडक्यात: कन्साइझडेटफॉरमॅटर लावावा. तो वर्ष आणि महिना एकदाच लिहितो आणि लेबले एकमेकांवर चढत नाहीत. मिनिटाच्या खुणा मागून वर्षभराची मर्यादा दिली तर हजारापेक्षा जास्त खुणा होतात आणि मॅटप्लॉटलिब कुरकुरते. खुणांचे अंतर मर्यादेबरोबर बदलावे किंवा ऑटोडेटलोकेटरवर सोडावे. मासेमारी बंदीचा काळ, १ जून ते ३१ जुलै, मासळीच्या आवकेच्या आलेखावर छायांकित करायचा असेल तर अॅक्सव्हीस्पॅनला १ जून आणि १ ऑगस्ट द्यावेत. मर्यादा बांधलेली नसेल तर ही छाया अक्ष ताणते, आणि आलेख ऑगस्टपासून काढायचा असला तरी तो जूनपर्यंत मागे जातो.

मर्यादा किती असावी हे विषय ठरवतो. मुरगावची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. एका दिवसाच्या आलेखात दोन भरत्या दिसतात, पण उधाण आणि भांगेची भरती यांतला फरक दिसत नाही. त्याला पंधरा दिवस लागतात, तीस घेतले तर चांगले. धरणाच्या साठ्याला जलवर्ष, १ जून ते ३१ मे, लावावे. जानेवारी ते डिसेंबर लावले की भरण्याची आणि उतरण्याची गोष्ट मध्येच तुटते. दोन वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवायच्या असतील तर दोन्हींचे वर्ष बदलून एकच करावे, आणि ते लीप वर्ष असावे, उदाहरणार्थ २०००. नाहीतर २९ फेब्रुवारीला एरर येतो.

प्लॉटली पडद्यासाठी उत्तम. अपडेट_एक्सअॅक्सेसला रेंजमध्ये दोन तारखा मजकुरात दिल्या की झाले. रेंजस्लायडर लावला तर वाचणारा स्वतः पट्टी सरकवून चवथीच्या आठवड्यातला पाऊस पाहू शकतो, आणि रेंजसिलेक्टरने ‘एक महिना’, ‘हंगाम’ अशी बटणे मिळतात. जी उणीव मॅटप्लॉटलिबची, तीच इथेही: पट्टी सरकवली तरी उभा अक्ष जागचा हलत नाही. आकड्यात मर्यादा दिली तर ती मिलिसेकंदांत मोजली जाते. सेकंद दिले तर १ जून २०२४ च्या जागी २० जानेवारी १९७० दिसतो. टाइमझोन प्लॉटली मानतच नाही. वेळेच्या मजकुराला जोडलेला फरक सोडून देऊन घड्याळातली वेळ जशीच्या तशी दाखवते. म्हणून यूटीसीचा डेटा आधी पांडाजमध्ये फिरवून घ्यावा. सगळे काही आत घेऊन साठवलेली एचटीएमएल फाइल तीन एमबीच्या वर जाते. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात, जिथे नेटवर्क पातळ असते, तिथे पाठवायची असेल तर आकाराचा विचार आधी करावा.

जीजीप्लॉट२ दिसायला सगळ्यांत सुंदर आणि मर्यादेच्या बाबतीत सगळ्यांत धोकादायक. स्केल_एक्स_डेटटाइमला लिमिट्स दिल्या की बाहेरच्या नोंदी नुसत्या लपत नाहीत, गाळल्या जातात. जिओम_स्मूदने काढलेली वळणरेषा मग उरलेल्या नोंदींवरून नव्याने बेतली जाते आणि तिचा कल बदलतो. मासिक स्तंभांत तर लिमिट्स नेमक्या पहिल्या आणि शेवटच्या नोंदीवर बांधल्या की जून आणि सप्टेंबरचे स्तंभच नाहीसे होतात, कारण त्यांची एक बाजू मर्यादेबाहेर जाते. ‘इतक्या ओळी काढल्या’ अशी वॉर्निंग येते खरी, पण ती इतकी नेहमीची झाली आहे की कोणी वाचत नाही. नुसती खिडकी हवी असेल तर कोऑर्ड_कार्टेशियनमध्ये एक्सलिम द्यावे. तिथे काहीही गाळले जात नाही. आर शिकवताना हा फरक पहिल्याच तासाला सांगायला हवा.

नूप्लॉट जुने आहे, पण कालमर्यादेत त्याच्याकडे एक गुण असा आहे जो इतर चौघांकडे नाही: आडवी मर्यादा दिली की आपोआप ठरणारा उभा अक्ष फक्त आतल्या नोंदींवरून ठरतो. सप्टेंबरचा आलेख मागितला की सप्टेंबरच्या सरी पूर्ण उंचीने दिसतात, एकही जादा ओळ न लिहिता. जुन्या संगणकावर आणि मोठ्या फाइलवर ते अजूनही चपळ आहे. पाच मिनिटांनी घेतलेली भरतीची वर्षभराची नोंद, म्हणजे १,०५,१२० ओळी, सहज काढते. सेट एक्सडेटा टाइम, मग टाइमएफएमटीत फाइलमधल्या तारखेचा साचा, मग एक्सरेंजमध्ये त्याच साच्यातल्या दोन तारखा अवतरणचिन्हांत. यूझिंग स्पष्ट लिहावेच लागते, आणि तारीख व वेळ यांमध्ये मोकळी जागा असेल तर ते दोन स्तंभ मोजले जातात, म्हणजे पावसाचा आकडा दुसरा नव्हे तर तिसरा. वेळ ते यूटीसीच मानते. आवृत्ती ५ च्या आधी त्याची मोजणी २००० सालापासून होती, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टमधले सेकंदांचे आकडे आज तीस वर्षे मागे पडतात.

अक्षावर ‘जून, जुलै, ऑगस्ट’ मराठीत हवे असतील तर निवडीवर पुन्हा विचार करावा लागतो. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, चौकोन येतात. देवनागरी फाँट लावला तरी ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी जागा चुकते आणि जोडाक्षरे तुटतात; ‘सप्टेंबर’मधला प्टे पायमोडका येतो. प्लॉटली ब्राउझरवर विसंबते म्हणून बरोबर लिहिते. नूप्लॉटचे पीएनजीकैरो टर्मिनल आणि आरमधले रॅग हेही बरोबर लिहितात. मॅटप्लॉटलिबमध्येच राहायचे असेल तर महिने आकड्यांत ठेवावेत, ०६, ०७, ०८, ०९, आणि मराठी मथळा आलेखाबाहेर, अहवालाच्या मजकुरात द्यावा.